दाखल-खारीज

अल कुसैस हे दुबईच्या पूर्व टोकाचे उपनगर. थोडे पुढे गेले की शारजाचा अंमल लागतो, आणि विमानतळ इतका निकट आहे की सकाळची पूजा विमानांच्या घरघराटातच आटोपावी लागते. येथे लेकीच्या बिऱ्हाडी जून महिन्यात मुक्कामास असताना ज्या प्रश्नाने माझी तीन दिवस झोप उडवली, तो प्रथमदर्शनी इतका क्षुल्लक होता की त्याचा संबंध उपनिषदांशी लागेल असे कोणी म्हटले असते तर, मामलेदार कचेरीत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या स्वभावानुसार, मी तो अर्ज न वाचताच दप्तरी दाखल करून टाकला असता. प्रश्न एवढाच होता, की नातवाने सुट्टीत स्वतः जुळवलेल्या संगणकातील पंख्याने वारा प्रोसेसरवर फुंकावा, की प्रोसेसरवरून ओढून घ्यावा.

नातू सोळा वर्षांचा. एकेक सुटा भाग जमवून त्याने हे यंत्र उभे केले होते, आणि कोणतेही मोठे काम त्यावर सुरू केले की पाच मिनिटांत प्रोसेसरचा पारा ९६ अंशांवर जाऊन यंत्र मंदावत असे; कारण आजकालचे प्रोसेसर शंभरीच्या आसपास पोचले की जिवाच्या भयाने आपला वेग आपणच उतरवतात. गरम हवा ओढून काढणे हाच पंख्याचा धर्म, असे नातवाचे म्हणणे. थंड हवा अंगावर मारणे हा, असे जावईबापूंचे. ताटे वाढून झाली तरी दोघे कॅबिनेटपाशी गुडघे टेकून बसलेले पाहून लेक आतून म्हणाली, ''बाबा, तुम्हीच काय तो फैसला द्या, म्हणजे हे दोघे जेवायला तरी उठतील.''

मी फैसला दिला नाही; आधी स्थळपाहणी केली. देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून आणली, कारण वाऱ्याच्या बाबतीत धुराइतका निःपक्षपाती साक्षीदार दुसरा नाही. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीशी ती धरली तेव्हा धुराची रेघ क्षणभर ताठ राहिली आणि मग कोणी चिमटीत धरून ओढावी तशी जाळीत शिरली. हे योग्यच होते. मागच्या बाजूला, जेथे १२० मिलिमीटरचा दुसरा पंखा बसवलेला होता, तेथे ती बाहेर उधळावयास हवी होती. ती तेथेही आतच शिरली. पंख्याच्या ज्या अंगाला गोल चिठ्ठी चिकटवलेली असते आणि मधला गाभा धरून ठेवणाऱ्या काड्या असतात, त्या अंगाने वारा बाहेर पडतो, असा बहुतेक पंख्यांचा जाबता आहे. नातवाने ती चिठ्ठी विद्रूप दिसते म्हणून नेमकी तीच बाजू आत लपवली होती. त्यामुळे पुढून आलेला वारा आणि मागून आलेला वारा प्रोसेसरच्या माथ्यावर एकमेकांना भिडत, आणि तापलेल्या हवेला फटीफटींतून वाट काढावी लागे. चार स्क्रू सोडवून पंखा फिरवला, पाव तासात पारा ८१ वर उतरला, आणि जेवणे झाली.

मूळ वाद मात्र त्याने मिटला नाही. त्याचा निकाल, माझ्या मते, ज्या कोणी समई फुंकरीने विझवून आजीचा मार खाल्ला आहे त्याला ठाऊकच असतो: फुंकर घालून ज्योत विझते, तेवढाच श्वास आत ओढून ती विझवता येत नाही. बाहेर टाकलेला वारा एका दिशेने, झोताने, भोवरे घेत जातो. ओढलेला वारा चहूबाजूंनी, हळूहळू, कोणताही एक रस्ता न धरता गोळा होतो. म्हणून तापाच्या पात्यांवर वारा फुंकणारा पंखा सामान्यतः ओढणाऱ्याहून सरस ठरतो, जरी त्याच्या मधल्या गाभ्याच्या सावलीत, जेथे वाऱ्याची गरज सर्वांत अधिक, तेथेच वारा पोचत नाही. थोरामोठ्यांनाही ही दिशा एकदा ठरवून पुन्हा फिरवावी लागली आहे. इंटेल कंपनीने १९९५ साली एटीएक्स नावाची रचना प्रसृत केली तेव्हा वीजपुरवठ्याच्या पेटीतील पंख्याने वारा आत, प्रोसेसरच्या रोखाने सोडावा, अशी तजवीज होती. परंतु तो वारा त्या पेटीतूनच तापून येत असल्यामुळे थोड्याच वर्षांत हुकूम फिरला आणि पंखा बाहेर फुंकू लागला. पुढे २००४ मध्ये, पुढच्या दाराने आलेला ताजा वारा सर्वांआधी प्रोसेसरला मिळावा अशी बीटीएक्स नावाची मांडणी आली, आणि दोन वर्षांत बरतर्फही झाली.

दिशेचा हा घोळ यंत्रांपुरता असता तर मी येथेच थांबलो असतो. पण योगवर्गात बसणाऱ्या कोणासही विचारा: आत घेतला तो प्राण आणि बाहेर सोडला तो अपान, असेच तो बहुधा सांगेल, उलट शंकराचार्यांनी छांदोग्यभाष्यात मुखनासिकेवाटे बाहेर सोडला जातो तो प्राण आणि आत ओढला जातो तो अपान, असा स्वच्छ अर्थ दिलेला आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात प्राणाची अपानात आणि अपानाची प्राणात आहुती देणारे साधक येतात. त्यांच्या यज्ञात कोण हविर्द्रव्य आणि कोण अग्नी हे, आत कोणते आणि बाहेर कोणते याचा निर्णय झाल्यावाचून कळत नाही. आपल्याच नाकातला वारा जेथे हजारो वर्षे वादग्रस्त राहिला, तेथे सोळा वर्षांच्या पोराने पंखा उलटा बसवला यात नवल ते काय.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने निघालो. २०११ च्या सप्टेंबरात सुरू झालेला येथला हिरवा मार्ग अल कुसैसवरून थेट बर दुबईपर्यंत, खाडीखालून, जातो. स्थानकाच्या एका दारावरची अरबी अक्षरे मी नुसतीच पाहत उभा होतो, तेव्हा शाळेत सक्तीने अरबी शिकलेला नातू म्हणाला, ''आजोबा, हे 'दुखूल', म्हणजे आत. आणि तिकडे 'खुरूज', म्हणजे बाहेर.'' दुखूल आणि खुरूज! ज्या दोन शब्दांवर माझी हयात गेली, ते दाखल आणि खारीज, आपल्या माहेरी असे दारावरच उभे भेटतील याची मला कल्पना नव्हती. अर्ज दाखल, अर्ज खारीज. हरकत दाखल, हरकत खारीज. आणि ज्या हवेबद्दल आदल्या रात्री घरात वाद झाला ती 'हवा'देखील याच वाटेने आपल्याकडे आलेली. मराठी दप्तराने अरबस्तानातून फारसीमार्गे आणलेल्या या मालाची जकात आपण कधी मोजली नाही, हे आपले भाग्यच.

पण शब्द भेटला तशी त्यातली खोच टोचू लागली. कचेरीत खारीज झालेला अर्ज संपतो. त्याचे पुढे काही होत नाही. यंत्रातून खारीज झालेला ताप संपतो का? शंभर वॅटचा ताप, हवा दहा अंशांहून अधिक न तापू देता, वाहून न्यायचा तर सेकंदाला सुमारे आठ लिटर हवा लागते, असा हिशेब जावईबापूंनी मला मांडून दाखवला, आणि स्वस्थ बसलेला माणूसही जवळजवळ शंभरच वॅट ताप टाकत असतो हे ऐकून नातू व त्याचे यंत्र मला त्या खोलीत सख्ख्या भावांसारखे दिसू लागले. ही आठ लिटर हवा ताप मारत नाही. ती तो फक्त उचलते. पंखा यंत्राला भोवतालच्या वाऱ्याहून थंड करू शकत नाही, आणि तो स्वतः जी वीज खातो तिचाही ताप त्याच वाऱ्यात मिसळतो. तेव्हा कचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर येथे खारीज काहीच होत नाही. होतो तो फेरफार. गाव नमुना सहामध्ये जमीन कधी नाहीशी होत नसे. एकाचे नाव कमी होऊन दुसऱ्याचे लागे, एवढेच. प्रोसेसरचे नाव कमी झाले, तांब्याच्या नळ्यांचे लागले. त्यांचे कमी झाले, हवेचे लागले. आणि पंखा फिरवल्यापासून कॅबिनेटच्या मागे आरामखुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचणाऱ्या माझ्या नडगीचे लागले, हे मी स्वतः अनुभवले.

माझ्या नडगीवरून तो ताप खोलीभर झाला, खोलीतून वातानुकूलन यंत्राने उचलला, आणि खिडकीबाहेरच्या पेटीने गल्लीत टाकला. तोही होता तेवढाच नव्हे. खोलीतून साडेतीन किलोवॅट ताप उचलणारे यंत्र त्यापायी किलोवॅटभर वीज खाते, आणि गल्लीत टाकते ती दोन्हींची बेरीज असते. मुद्दलावर व्याज घेणारे सावकार आम्ही पाहिले, पण दान देताना व्याजासकट देणारा हाच पहिला. खाली त्या गल्लीत, चार-पाच मजली इमारतींच्या अशा पन्नास पेट्यांच्या झोतात, जेवणाचे डबे पोचवणारी पोरे मोटारसायकली टेकून पुढच्या हुकमाची वाट पाहत उभी असतात. १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्या उन्हात मजुरांकडून काम घेण्यास या देशात बंदी आहे, आणि तो कायदा चांगला आहे. पण तो उन्हाविषयी आहे, माझ्या खोलीतून निघालेल्या तापाविषयी नाही.

अशा वेळी मला रैक्व आठवला. वाईच्या प्राज्ञ पाठशाळेतल्या व्याख्यानांना मी तरुणपणी कचेरीतून परस्पर जात असे, तेथे त्याची पहिली ओळख झाली. छांदोग्याच्या चौथ्या अध्यायातला हा गाडीवान. उदार, अन्नदानी राजा जानश्रुती रात्री उडत जाणाऱ्या हंसांचे बोलणे ऐकतो. आपले तेज त्या गाडीवानापुढे काहीच नाही असे त्यातून कळल्यावर तो शोध घेववतो. आणि सेवकाला हा ज्ञानी सापडतो तो गाडीखाली बसून खरूज खाजवताना. (खुरूज आणि खरूज यांचा संबंध जोडण्याचा मोह नातवाला झाला, मी तो आवरावयास सांगितले.) सहाशे गाईंचा पहिला नजराणा त्याने झिडकारला, आणि पुढे केव्हातरी प्रसन्न होऊन जे सांगितले ते असे, की अग्नी विझतो तेव्हा वायूत जातो, सूर्य आणि चंद्र मावळतात तेव्हा वायूत जातात, पाणी आटते तेव्हा वायूत जाते, तसेच माणूस झोपतो तेव्हा वाणी, दृष्टी, श्रवण आणि मन ही प्राणात जातात. बाहेर वायू आणि आत प्राण, असे हे दोन संवर्ग. सर्व काही आपल्यात ओढून घेणारे. गाडीखालच्या सावलीत, अंगाला वारा लागत असताना, हा विचार सुचावा हे मला नेहमीच स्वाभाविक वाटत आले आहे, आणि राजवाड्यात तो सुचला नसता असेही.

परंतु अल कुसैसच्या त्या खोलीत मला प्रथमच रैक्वाला एक उपप्रश्न विचारावासा वाटला. सर्व वायूत जाते हे मान्य. पण त्या वायूत कोणी उभे असले तर? वायू हे रिकामे कोठार नव्हे. जैन साधू पंख्याने वारा घेत नाहीत, कारण वायू हीच त्यांच्या मते जिवांची काया आहे. वायुकाय जीव म्हणतात ते त्यांना. सांगली-कोल्हापूरकडे बदलीवर असताना भर वैशाखात घामाने निथळणारे मुनी पाहून मला तो अतिरेक वाटे. आज वाटत नाही, असे म्हणणार नाही; पण वारा घेण्यापूर्वी त्या वाऱ्यात कोण आहे हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि आमच्या गाडीवानाने विचारला नाही, एवढे मला रुजू केले पाहिजे.

इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांत छताला टांगलेला मोठा झालरीचा पंखा असे. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर ओसरीवर जाई, आणि तेथे उन्हाच्या झळांत बसून एक मनुष्य ती दिवसभर ओढत राही. आमच्या आजोबांनी ती ओढणारे हात पाहिले होते. साहेबाने त्याचा चेहरा मात्र वर्षानुवर्षे पाहिलेला नसे, कारण भिंतीला भोक होते ते दोरीपुरते. या भिंतीचा मी अलीकडे वारंवार विचार करतो.

आणि मग धर्माचा. समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक अशा तिन्ही तापांची समासामागून समास खानेसुमारी केली आहे. या तापांवर जे उतार आपल्याकडे परंपरेने सांगितले जातात, त्यांत खारीज किती आणि फेरफार किती, हे एकदा तपासून पाहावे. मूल तापाने फणफणले की आई उतारा काढत असे: दहीभात, लिंबू, हळदकुंकू, मुलावरून ओवाळून तिन्हीसांजेला तिठ्यावर ठेवावयाचे, मागे वळून न पाहता परतावयाचे, आणि शाळेतून येताना आम्हांस ताकीद असे की तिठ्यावरचा उतारा ओलांडू नका. का, तर जो ओलांडील त्याला तो ताप लागेल. ग्रहाची पीडा तेल आणि तीळ देऊन उतरवावयाची, तर ते दान घेणाऱ्याच्या माथी प्रतिग्रहाचा दोष येतो असे शास्त्र म्हणते, आणि जाणते भिक्षुक कित्येक दाने नाकारीत. सातबाराचाही उताराच आणि तापाचाही उताराच. आमच्या भाषेने हे दोन्ही एकाच शब्दात घातले ते उगाच नसावे, अशी मला आता शंका येते. दोन्ही ठिकाणी काही नष्ट होत नाही; फक्त ते कोणाच्या नावावर आहे हे कळते.

मात्र एक भेद मोठा आहे, आणि तो उताऱ्याच्या बाजूने आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५० व्या कलमाप्रमाणे तलाठ्याला फेरफाराची नक्कल चावडीत लावावी लागते आणि ज्यांचा ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना लेखी कळवावे लागते. हरकत असल्यास ती नोंदवून घ्यावी लागते. माझ्या आईचा उताराही चावडीवरच्या नोटिशीसारखाच होता: हमरस्त्यावर, लिंबूकुंकवाने लाल-पिवळा करून, दिसेल असा ठेवलेला. ज्याला टाळावयाचा त्याला टाळता येई. अंधश्रद्धा म्हणून मी तारुण्यात तिची चेष्टा केली. पण तापाचा फेरफार नोटीस देऊन करावा एवढी सचोटी तिच्यात होती, जी आमच्या खिडकीबाहेरच्या पेटीत नाही.

बर दुबईतल्या जुन्या वस्तीत बर्जील पाहावयास गेलो होतो, ते याच विचारांच्या भरात. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या लिंगे बंदरात जकात वाढली तेव्हा बस्तकचे व्यापारी आखात ओलांडून इकडे आले आणि त्यांनी घरांवर हे वाऱ्याचे मनोरे उभारले. दुबईचे एकेकाळचे शासक शेख सईद यांचा शिंदगा भागातील १८९६ चा वाडाही अशाच मनोऱ्यांचा. मनोरा चारही बाजूंनी उघडा, आत दोन भिंती एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या. म्हणून वारा कोणत्याही बाजूने येवो, त्या बाजूचा कप्पा त्याला खाली घरात उतरवतो आणि समोरचा कप्पा तापलेली हवा वर ओढून घेतो. एकाच मनोऱ्यात दुखूल आणि खुरूज. दिशा ठरवावयाची ती वाऱ्याने. घरमालकाकडे निर्णयच नाही. नातू खाली उभा राहून मान वर करून म्हणाला, ''आजोबा, ह्यात पंखा उलटा बसवायची सोयच नाही.'' मला त्या मनोऱ्यात एक प्रकारची निरहंकारिता दिसली. पण हेही खरे, की जून महिन्याच्या दुपारी त्याखाली आम्ही दहा मिनिटांहून अधिक थांबलो नाही आणि शेजारच्या थंडगार उपाहारगृहात पळालो.

वेदान्ती म्हणतील, हा सगळा व्यवहार फेरफाराचाच असणार, कारण तो व्यवहार आहे. दोरीवरचा साप जसा कोठे जात नाही, ज्ञान होताच नव्हताच असे कळते, तसा ताप खरा खारीज होतो तो केवळ ज्ञानाने. हे उत्तर माझ्या आयुष्यभराच्या आवडीचे, आणि त्याविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. तथापि जावईबापूंनी सांगितलेली एक गोष्ट मनातून जात नाही. आयबीएम कंपनीतील रॉल्फ लांडाउअर या शास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिले, की स्मरणातला एक अंक पुसून टाकणे एवढी क्रियासुद्धा काहीएक किमान ताप भोवताली टाकल्यावाचून होऊ शकत नाही. ताप यत्किंचित असेल, पण शून्य नाही. पुसण्यालाही भोवताल लागतो. भ्रम पुसणाऱ्या ज्ञानालाही असा काही भोवताल लागत असेल काय, घर सोडून गेलेल्या ज्ञानी पुरुषाच्या मागे चुलीपाशी राहिलेल्या माणसांच्या खात्यावर त्यातले काही चढत असेल काय, हे विचारणे पाखंड ठरेल. पण मी निवृत्त कारकून आहे, आणि ताळेबंद जुळल्याखेरीज मला झोप लागत नाही.

फेरफार नाकारणारा एकच मला पुराणांत दिसतो. हलाहल त्याने गिळले नाही की थुंकले नाही. कंठात धरून ठेवले. पण म्हणून त्याचा ताप शमला असे काही झाले नाही, आणि वाईच्या काशीविश्वेश्वराच्या गाभाऱ्यात काय किंवा कोठेही काय, त्याच्या माथ्यावर थेंबथेंब पाणी धरण्याचे काम आपण अद्याप करतो आहोत. ते पाणी पन्हळीने बाहेर येते. आणि ती पन्हळ आपण ओलांडत नाही, तेथवर जाऊन उलट फिरतो, शिवाची प्रदक्षिणा अर्धीच करतो. याची कारणे पुराणिक निराळी देतात आणि ती त्यांनी खुशाल द्यावीत. मला मात्र लहानपणी तिठा आणि ही पन्हळ यांविषयी एकाच स्वरात मिळालेली ताकीद आठवते.

काल सायंकाळी, ऊन उतरल्यावर, दूध आणावयास खाली उतरलो. वरच्या पेट्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली कोणी एक पत्र्याचा डबा ठेवला होता. तो भरून वाहत होता, आणि पाण्याची एक बारीक ओली रेघ पदपथ आडवी कापून रस्त्याकडे गेली होती. तिच्यापलीकडे एक पोरगा शिरस्त्राण मांडीवर घेऊन कडेला बसला होता आणि डब्यातले पाणी ओंजळीने मानेवर घेत होता. माझे पाऊल रेघेपाशी आपोआप आखडले. मी क्षणभर तसाच उभा राहिलो, आणि मग वळून, इमारतीच्या दुसऱ्या अंगाने, लांबच्या वाटेने दुकानाकडे गेलो.